हॉलच्या मागची खोली

चिटणीस आले तेव्हा हॉलवाली नवऱ्याची दाढी करत होती. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण तसाच होता. चिटणीसांनी दारातून डोकं आत घातलं आणि साबण बघून लगेच बाहेर घेतलं.

"चालू द्या, चालू द्या. मी थांबतो बाहेर."

"बाहेर कशाला? बोला की. त्यांच्या गालाला साबण लागलाय, कानाला नाही," ती म्हणाली.

हे चिटणीस हॉलच्या समितीचे. माणूस तसा पापभीरू. पण वाईट निरोप असला की तो यांच्या गळ्यात घालायचा, ही समितीची जुनी खोड. चांगला निरोप असला तर अध्यक्ष स्वतः जातात म्हणे. अध्यक्ष त्या खोलीत कधी आलेलेच नव्हते. चिटणीसांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तसा हॉलवालीचा वस्तरा गालावरच थांबला. मागे त्यांनी असा चष्मा पुसला तेव्हा हॉलातला पडदा गेला होता. त्याच्या आधी पुसला तेव्हा आवारातला नळ.

"हॉल बॅडमिंटनवाल्यांना द्यायचं ठरलंय," ते म्हणाले. "कायमचा. त्यांचे वर्ग चालतील. आणि ही खोलीही लागेल त्यांना. सामान ठेवायला."

पलंगावरून तिचा नवरा, पडदेवाला, म्हणाला, "बॅडमिंटन म्हणजे ते फुलाचं?"

"हो. फुलाचं."

"त्याचा आवाज कसा येतो?"

चिटणीस गोंधळले. जन्मात त्यांना असलं कुणी विचारलं नव्हतं. "येतो... हलकासा," असं काहीतरी पुटपुटून ते घाईघाईने निघून गेले.

हॉलवालीने उरलेला गाल पुरा केला. हनुवटीखाली जरा कापलंच.

"मी नाही जायचा कुठे," पडदेवाला म्हणाला.

"तुम्ही कसले जाताय? तुम्हाला उचलायलाच चार माणसं लागतात," ती म्हणाली आणि तुरटी शोधायला वळली. वळली ती बराच वेळ वळलेलीच राहिली. तुरटी समोरच्या फळीवर होती.

त्याची कंबर गेली त्या दिवशी त्याने तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं. मला इथून हलवू नकोस. जाईन तो इथूनच जाईन. तिने हो म्हटलं होतं, आणि ते काही वेळ मारून न्यायला म्हटलं नव्हतं. तेव्हापासून तिचं सगळं जगणं त्या एका होकाराभोवती बांधलेलं होतं. बाकी कशाची तिने हाव धरली नाही, आणि धरली असती तरी कोण देणार होतं?

हा हॉल बांधला बुडालेल्या माणसांसाठी. पूल व्हायच्या आधी नदीवर एक मोठी बोट चालायची, या काठाची माणसं त्या काठाला न्यायची. एका बाजाराच्या दिवशी ती माणसांनी आणि पोत्यांनी खचाखच भरली आणि मधोमध कलंडली. एकही गल्ली अशी राहिली नाही की जिच्यातलं कुणी गेलं नाही. मग वर्गणी काढून हॉल उभा केला. आत शिरल्या शिरल्या समोर संगमरवराची पाटी, पाटीवर सगळ्यांची नावं.

बोट बांधणाऱ्या सुतारांकडे वर्गणी मागायला कुणी गेलं नाही. कुठल्या तोंडाने मागणार? ते आपणहून आले. हत्यारं घेऊन आले आणि हॉलाची जमीन लाकडाची करून दिली, बोटीच्या तळाला फळी जोडतात तशी फळीला फळी भिडवून. कुणाशी बोलले नाहीत, कुणी त्यांच्याशी बोललं नाही. काम झालं, हत्यारं उचलली आणि गेले. ती जमीन अशी जमली की माणूस चालला की खालून बोलायची. दाराजवळ एक आवाज, मधे दुसरा, पाटीजवळ तिसरा.

हॉलवालीच्या सासूचा नवरा त्या बोटीत होता. सासू तेव्हा अंगावर पाजणारी. समितीने तिला मागची खोली दिली आणि काम दिलं. काम काय, तर पाटी पुसायची आणि जमिनीला मेण लावायचं. सासू पाटी वरून खाली एका हाताने पुसत यायची. नवऱ्याच्या नावावर फडकं क्षणभरही जास्त थांबू द्यायची नाही. "कुणी म्हणायला नको, हिने आपल्याचं तेवढं चकचकीत केलं," म्हणायची. पाळण्यात जे पोर होतं, तोच पुढे पडदेवाला झाला.

सून घरात आली तेव्हा सासूने तिला दागिना म्हणून काही घातला नाही. मेण लावायला शिकवलं. मेण आणि टर्पेंटाइन मंद आचेवर एकजीव करायचं, लोकरीचं फडकं पायाला बांधायचं आणि पाटीपासून दाराकडे उलटं सरकत यायचं, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे मागे राहत नाहीत. दारापर्यंत आलं की बाहेर पडायचं आणि इमारतीला वळसा घालून मागच्या खोलीत जायचं. मेण बसेपर्यंत आत पाय टाकायचा नाही.

"आणि त्यात भूक लागली तर?" नवी सून म्हणाली होती.

"तर बाहेरून वळसा घालून ये आणि जेव. हॉल काही पळून जात नाही," सासू म्हणाली होती.

आधीआधी हॉलात स्मरणाच्या सभेशिवाय काही होत नव्हतं. लोक चपला बाहेर काढून आत यायचे. पण एवढी मोठी जागा वर्षभर रिकामी कुणाला बघवते? आधी सकाळचं वाचनालय आलं. मग भाषणं आली. भाषणांना मंच लागतो म्हणून मंच आला, आणि मंच आहे तर नाटकं का नकोत म्हणून नाटकं आली. नाटकांबरोबर गडद लाल मखमलीचा पडदा आला, आणि पडद्याबरोबर आपला माणूस पडदेवाला झाला. तो म्हणायचा, पडदा ओढणं म्हणजे नुसता दोर ओढणं नव्हे. रडवणाऱ्या नाटकाचा पडदा सावकाश पाडावा लागतो, नाहीतर लोकांचे रुमाल खिशातून निघायच्या आत दिवे लागतात आणि सगळ्यांची फजिती होते.

मग साथ आली आणि हॉलात खाटा लागल्या. खाटांच्या लोखंडी पायांनी जमिनीवर चरे पडले. साथ ओसरली, लग्नं सुरू झाली. लग्नांच्या मधल्या दिवसांत चादरींचे सेल. निवडणुकीत मतपेट्या. मग काही वर्षं परवान्यांचं ऑफिस. त्यांची कपाटं नेमकी पाटीसमोर लागली. शेवटच्या स्मरणसभेला चिटणीस होते, हॉलवाली होती, आणि एक बाई होती. ती बाई चादरींच्या सेलला आली होती.

हॉलवालीने प्रत्येकाच्या मागून मेण लावलं. खाटांचे चरे, आचाऱ्यांनी सांडलेलं तेल, खुर्च्या ओढल्याचे ओरखडे, सगळ्यांवर.

पडदेवाला पडला तो एका लग्नात. नवऱ्या मुलाच्या मामांना हौस, की नवरानवरी सिनेमात दिसतात तशी दिसावी, पडदा सरकला की एकदम समोर. दोर कप्पीतून निसटला. पडदेवाला शिडी लावून वर चढला. इतकी नाटकं झाली, त्यात कधी पाय घसरला नाही, आणि कुणाच्या कोण मामाच्या हौसेपायी खाली आला. लग्न काही थांबलं नाही. त्याला मागच्या मागे नेला.

तेव्हापासून तो त्या खोलीत आडवा. खोली आणि मंच यांच्यामधे एक फळ्यांची भिंत, तिच्यातून सगळं ऐकू यायचं. डोळ्यांपुढे छत, म्हणून सगळा जीव कानात.

"आज परीक्षा आहे," तो सांगायचा.

"कशावरून?"

"इतकी माणसं आणि इतकी शांतता. एक तर परीक्षा, नाहीतर शोकसभा. शोकसभेत लोक खोकतात."

कुठली फळी वाजली यावरून माणूस कुठे चाललाय, लठ्ठ आहे की हडकुळा, घाईत आहे की उगाच फिरतोय, हे तो ओळखायचा. सगळंच काही खरं निघायचं नाही, पण खोटं निघालं तरी ती सांगायची नाही. पडदा विकला गेला तेव्हाही तिने त्याला सांगितलं नव्हतं.

"आवाज घुमतोय गं," तो त्या दिवशी म्हणाला. "पडदा कुठाय?"

"धुवायला नेलाय."

"एवढा पडदा कुठल्या बादलीत धुतायत?"

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मग सांगावंच लागलं. दोन दिवस तो भिंतीकडे कान करून पडला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "घुमतं, पण लांबचं जास्त स्पष्ट ऐकू येतं." असा माणूस. काहीही काढून घ्या, उरलेल्यात काहीतरी शोधून दाखवणार.

म्हणून चिटणीस येऊन गेले तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. इथून बाहेर काढला तर या माणसाजवळ राहतं काय?

दुसरी जागा नव्हती असं नाही. लेक होती, पलीकडच्या काठाला, चौथ्या मजल्यावर. जिना अरुंद, घर त्याहून अरुंद. लेक शिवणकामाच्या कारखान्यात, जावई माल पोचवायच्या गाडीवर, दोन पोरं शाळेत. बातमी ऐकून लेक धावत आली.

"आई, मी म्हटलंच असतं गं, आमच्याकडे या..." एवढं म्हणून ती थांबली.

"तू काही म्हणू नकोस," हॉलवाली म्हणाली. "चहा पी आणि जा. कारखान्यात खाडा नको."

मग ती बॅडमिंटनवाल्यांच्या कोचला भेटायला गेली. तरणाताठा, सरळ मनाचा पोरगा होता. अर्ध्या चड्डीत हॉलाची मापं घेत होता. ती त्याला हाताला धरूनच खोलीत घेऊन आली. तोंडाने सांगितलं असतं तर जमलं नसतं तिला. पडदेवाल्याने त्याला बसवून घेतलं आणि खेळणारा माणूस पुढे कसा येतो, मागे कसा जातो, उडी मारतो तेव्हा दोन्ही पाय एकदम टेकतात की एकामागून एक, सगळं विचारलं. कोचही रंगला. त्याने पलंगाच्या कडेवर दोन बोटांनी पावलं वाजवून दाखवली.

बाहेर आल्यावर तो चिटणीसांना म्हणाला, "राहू द्या हो त्यांना. सामान मी पुढच्या बोळात ठेवीन."

चिटणीसांचा जीव भांड्यात पडला. आवाज खाली आणून म्हणाले, "तसा प्रश्न तरी किती दिवसांचा आहे?" हॉलवालीने ते ऐकलं. तिला राग आला नाही. मनातल्या मनात तिनेही तेवढंच मागितलं होतं, की आहे तोवर राहू द्या, मग खोलीला खुशाल कुलूप लावा.

"फक्त मावशी," कोच जाता जाता म्हणाला, "जमिनीकडे बघा हां. माझी पोरं दिवसभर तिच्यावर धावणार. जमीन एक नंबर पाहिजे."

एवढंच म्हणाला. आणि तिने ते अगदी देवाच्या शब्दासारखं धरलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने सकाळीच शेगडी पेटवली. सासूच्या वेळचा मेणाचा एक डबा तिने जपून ठेवला होता, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. तो फोडला. गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, तरी पाटीपासून दारापर्यंत उलटी सरकत आली. वळसा घालून खोलीत गेली, नवऱ्याला भरवलं, पाठ शेकली आणि मेण बसल्यावर पुन्हा पाटीपासून सुरुवात केली. दुसरा हात दिला. जन्मात तिने त्या जमिनीला असं मेण लावलं नव्हतं. खिडक्यांचा उजेड जमिनीत उतरला होता. वरचे पंखे खाली दिसत होते, पाती मोजून घ्यावीत इतके.

"आज दोनदा लावलंस," पडदेवाला म्हणाला.

"हो."

"बरं केलंस. त्या कोच पोराने आपली अब्रू राखली."

दोघांच्याही मनाला शिवलं नाही, की ज्या जमिनीवर लोक चपला काढून सावकाश चालत, तिची वाट वेगळी आणि धावायच्या जमिनीची वेगळी. त्यांच्या घरात दोन पिढ्यांनी आयुष्य घातलं ते जमीन चकचकीत करण्यात. जमीन चांगली म्हणजे चकचकीत, दुसरं चांगलं त्यांना ठाऊक कुठून असणार?

उद्घाटनाला अध्यक्ष आले. कातडी तळाचे बूट, गळ्यात हार, हातात कोचची रॅकेट. पहिलं फूल त्यांनी मारायचं होतं. त्यांनी फोटोवाल्याकडे बघत एक पाऊल पुढे टाकलं, पाय पुढे गेला आणि अध्यक्ष मागे राहिले. धप्पकन बसले. हॉलात हशा पिकला. फोटोवाला होता म्हणून अध्यक्षही हसले. हॉलवाली दाराशी उभी होती, तिनेही पदर तोंडाला लावला.

हसला नाही तो कोच. त्याने खाली बघितलं, बुटाचा तळ जमिनीवर घासून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. पण तोवर त्याची एक पोरगी दुसऱ्या फुलामागे धावली होती. ती त्याची सगळ्यांत चांगली खेळाडू, पुढल्या महिन्यात मोठ्या सामन्याला जायची होती. "थांब!" असं तो ओरडला, आणि त्याच क्षणी तिचा एक पाय एकीकडे आणि गुडघा भलतीकडे गेला.

ती किंचाळली तेव्हा हसणारे अजून हसतच होते.

तिला उचलून नेल्यावर कोच हॉलवालीजवळ आला. "मावशी, जमिनीला काय लावलंत?"

"मेण. दोन हात," ती म्हणाली. पोरगी सांडलेल्या पाण्यावर घसरली असेल, असंच ती समजून होती. त्यामुळे सांगताना आवाजात ऐट होती. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

तो ओरडला नाही. मंचाच्या कडेला मटकन बसला. "खेळायची जमीन गुळगुळीत नको असते, मावशी. पाय धरून ठेवणारी लागते."

"तुम्ही म्हणालात ना, जमिनीकडे बघा."

"म्हणालो," तो म्हणाला. "म्हणालो खरं."

खोलीत गेली तर पडदेवाला डोळे मिटून पडला होता. "कोण पडलं?" त्याने विचारलं. "पहिला धप्प झाला तो जाड माणूस. दुसरं कोण? हाडाचा आवाज होता तो."

तिने सांगितलं. तो म्हणाला, "मीच म्हटलं ना, बरं केलंस." त्याने निम्मा दोष उचलून आपल्याकडे घेतला. पण दोष काही निम्मा केल्याने हलका होत नाही.

मेण काढायचं म्हणून तिने उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन जमीन घासायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. हात स्वस्थ बसेनात. मेण निघालं, पण लाकूड पाणी प्यालं. फळ्या कडांनी फुगून वर आल्या, पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या पांढऱ्या पडल्या. खाटा, आचारी, कपाटं, सगळ्यांना पुरून उरलेली जमीन तिने स्वतःच्या हाताने वाया घालवली. शेवटी कोचने फळ्या ठोकून बसवल्या आणि वरून हिरवी रबरी चटई चिकटवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

वर्ग सुरू झाले तेव्हा पडदेवाल्याने विचारलं, "हॉलात कुणी नाही?"

"आहेत की. चांगली वीसेक पोरं आहेत."

"मग मला ऐकू का येत नाही?"

रबराखाली फळ्या मुक्या झाल्या होत्या. त्याने आधी या कानात करंगळी घालून पाहिली, मग त्या. तिने चटईचं सांगितलं. "असं होय," म्हणाला. त्यानंतर हॉलात काय चाललंय हे त्याने कधी विचारलं नाही.

चिटणीस पुन्हा आले. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही, म्हणजे नरमाईचीही वेळ गेली होती. अध्यक्षांनी सांगितलं होतं, असली माणसं आवारात नकोत, उद्या दुसरं कुणी पडलं तर निस्तरणार कोण. महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करा.

"कोच काय म्हणतात?" तिने विचारलं.

"तो बिचारा काय म्हणणार? त्या पोरीचे वडील रोज येऊन समोर बसतात."

मग तिने शेवटचा उपाय मनाशी धरला. पोरीच्या घरी जायचं, पाया पडायचं, आणि तिच्या वडिलांनाच विनवायचं, की तुम्ही एक शब्द टाका, तुम्ही माफ केलं म्हटल्यावर अध्यक्ष कशाला अडवतील? सगळी वाट ती हेच घोकत गेली. अहो दादा, माझं मागणं फार दिवसांचं नाही.

दार आईने उघडलं. ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. पोरगी खिडकीजवळच्या पलंगावर होती. मांडीपासून पोटरीपर्यंत पाय जखडलेला, डोळे छताकडे. खालच्या अंगणात पोरं खेळत होती आणि एखादा पाय जोरात आपटला की हिची मान तिकडे वळत होती. हॉलवालीने ते बघितलं. हेच ती रोज आपल्या घरी बघत आली होती.

"तुम्ही मुद्दाम नाही केलं, मला माहितीये," पोरगी म्हणाली. रडत नव्हती. "पण डॉक्टर म्हणतात, चालेन. धावायचं विसर म्हणतात."

वडील दारात येऊन उभे राहिले. "बोला, काय काम काढलंत?"

घोकलेलं सगळं तिच्या जिभेवर होतं. ती पोरीकडे बघत राहिली. "काही नाही," म्हणाली. "नुसती बघायला आले होते." पाणी पुरं प्यायली, भांडं मोरीत ठेवलं आणि जिना उतरली. कुणाच्या मोडलेल्या पायावर उभं राहून नवऱ्यासाठी खोली मागायची, एवढं काही तिच्याने झालं नाही. त्याला दिलेला शब्द त्या घराच्या उंबऱ्यावरच मोडला. घरी आल्यावर तिने त्याला काहीच सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

हलवायच्या दिवशी जावई दोन मित्रांना घेऊन आला. चौथा खांदा कोचने दिला. मागचं दार अरुंद, त्यातून चार माणसं एकदम जाईनात आणि पलंगही निघेना. तो आतच जोडलेला होता. म्हणून माणसालाच चादरीत घालून हॉलातून न्यावं लागलं. पोरं भिंतीला लागून उभी राहिली. हिरव्या चटईवर कुणाच्याच पावलांचा आवाज होत नव्हता. पडदेवाल्याने डोळे उघडे ठेवले होते, पण कुठेच बघत नव्हता. कोचला एवढंच म्हणाला, "थकलास तर टेकव बाबा मला. मला काही कळायचं नाही."

चौथा मजला चढताना जावयाच्या मानेची शीर आखडली. त्याने खांदा सोडला नाही. पोरगा तसा गुणी.

सगळ्यांना वाटलं होतं, जागा बदलली की आठ-पंधरा दिवसांत संपेल. डॉक्टरांना वाटलं, लेकीला वाटलं, खुद्द हॉलवालीलाही वाटलं, आणि खोटं कशाला बोला, सगळे मनातून तयारीतही होते. तो गेला नाही. थंडी गेली, उन्हाळा गेला, पुन्हा थंडी आली. त्याची गादी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात होती. ज्याला आंघोळीला जायचं त्याने त्याला ओलांडून जायचं. सुरुवातीला पोरं "आजोबा, पाय" म्हणून जपून जायची, मग नुसतीच जायला लागली. लेकीचा आवाज एक पट्टी वर चढला. ती वाईट नव्हती, दमायची. एकदा ताट वाढताना बोलून गेली, "आई, किती दिवस गं असं?" आणि मग ताट तसंच ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

पडदेवाला मात्र बोलायचाच थांबला. टीव्हीचा आवाज, भांड्यांचा आवाज, जिन्यावरची वर्दळ, आवाजांना काही तोटा नव्हता. त्याने एकही ओळखून दाखवला नाही.

हॉलवालीने त्याच इमारतीचे जिने पुसायचं काम धरलं. फिनेल आणि बादली. एक दिवस खालच्या रस्त्यावर चिटणीस भेटले. आता तेही काठी घेऊन चालत होते.

"काय, कसं काय? म्हणजे... घरी?"

"आहेत."

"अजून?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांची जीभ दातांखाली आली. "म्हणजे तसं नव्हे..."

"असू दे हो," ती म्हणाली. "सगळे तेच विचारतात. मीसुद्धा."

वर आली. कुकर लावला. त्याला पुसून घेतलं, पाठीला पावडर लावली, कूस बदलून दिली. त्याने मान पुन्हा भिंतीकडे केली. भिंतीच्या पलीकडे काही नव्हतं, शेजाऱ्यांची अडगळीची खोली होती. ती त्याच्या गादीला टेकून जमिनीवर बसली. आधी ती त्याच्यासाठी एक जागा मागत होती. आता रोज मागते ते कुणाला सांगण्यासारखं नाही, लेकीला तर नाहीच, आणि ज्याच्यासाठी मागते तो हाताच्या अंतरावर जागा असतो.

कुकरची शिट्टी झाली. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. जावई आला असेल, आल्या आल्या तोंड धुवायला जाईल. हॉलवालीने नवऱ्याचे पाय उचलून एका कडेला सारले आणि स्वतःचेही पाय पोटाशी घेतले, त्याला जायला वाट राहावी म्हणून.